अकरा वर्षांत एकच मत

अकरा वर्षं मी मोठमोठ्या माणसांना खाली बसायला सांगत होतो. वकील, डॉक्टर, तुरुंगात जाऊन आलेले देशभक्त, संस्थानांचे माजी दिवाण, गिरण्यांमधले कामगार पुढारी, सगळ्यांना. बहुतेक जण बसायचे. काहींना दुसऱ्यांदा सांगावं लागायचं. फारच झालं तर मी स्वतः उभा राहायचो, कारण अध्यक्ष उभा राहिला की सभागृहात दुसऱ्या कोणी उभं राहायचं नाही असा नियम आहे. शेवटच्या दोन वर्षांत माझे गुडघे इतके धरले होते की मी उठण्यापेक्षा समोरच्यानं बसावं यासाठी मनातल्या मनात प्रार्थना करायचो.

संपादकांनी पत्र पाठवलं, "तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा." मी उलट विचारलं, कोणत्या धंद्यातले? मला दोन धंदे. पहिला लाकडाचा आणि कौलांचा. अंधेरी स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आमची वखार होती. वडिलांनी काढलेली, मी वाढवलेली. साग, जांभा आणि साल यांचं लाकूड, मंगलोरी कौलं, दारं-खिडक्यांच्या चौकटी. दुसरा धंदा विधानसभेच्या अध्यक्षाचा. संपादकांना दुसराच हवा होता. पहिल्याबद्दल मी जास्त आनंदानं लिहिलं असतं.

मी अध्यक्ष कसा झालो ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझं कर्तृत्व फारसं नाही. स्वातंत्र्य मिळायच्या थोडं आधी उपनगरातून निवडून आलो. पक्षात दोन गट होते आणि दोघांचा एकेक उमेदवार त्या खुर्चीसाठी तयार होता. दोघांचंही जमेना. तेव्हा कोणीतरी माझं नाव काढलं. तोपर्यंत मी सभागृहात एकदाही तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे माझ्याविरुद्ध कोणाला काही सापडलं नाही. एक-दोन वर्षं बसेन आणि वखारीत परत जाईन, असं मी बायकोला सांगितलं होतं. उठलो तेव्हा एकोणीसशे पन्नासचं दशक निम्म्याहून जास्त सरलं होतं आणि वखार धाकट्या भावाची झाली होती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, अध्यक्ष म्हणजे सभागृहातला सगळ्यात मोठा माणूस. उंच खुर्ची, पट्टेवाला, मोटार. खरं म्हणजे बोलायला सगळ्यात कमी मिळतं ते त्यालाच. त्या खुर्चीवर बसल्यावर मी पक्षाच्या बैठकांना जाणं सोडलं. अध्यक्षानं प्रश्न विचारायचा नाही, भाषण करायचं नाही, कोणी चांगलं बोललं तर मान हलवायची नाही, आणि मत द्यायचं नाही. ठराव मांडला की म्हणायचं, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावं. आवाज ऐकून निकाल सांगायचा. कोणी हरकत घेतली तर घंटा वाजवून दारं बंद करायची आणि डोकी मोजायची. दोन्हीकडची डोकी सारखी भरली तरच अध्यक्षाला मत. त्याला निर्णायक मत म्हणतात. माझ्यावर ती वेळ एकदाच आली. ती सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलंय, पण तिथपर्यंत पोचायला मला थोडा वेळ लागेल.

वखारीचा मला या कामात उपयोग झाला. गिऱ्हाईक आणि सुतार भांडत आले की वडील दोघांना एकत्र उभे करायचे आणि ज्याचा आवाज मोठा त्याला आधी बोलू द्यायचे. त्याचा दम संपला की दुसरा हळू बोलला तरी ऐकू यायचा. मी सभागृहात हेच केलं. लोक म्हणायचे, अध्यक्ष विरोधकांना फार मोकळं सोडतात. मोकळं सोडत नव्हतो. दमू देत होतो.

तेव्हाच्या मुंबई राज्यात गुजरात होता, कर्नाटकाचे जिल्हे होते. सभासद चार भाषांत बोलायचे आणि पाचव्या भाषेत कुजबुजायचे. धारवाडकडचे एक सभासद होते, अंगानं भक्कम, स्वभावानं तापट. एकदा मी त्यांचं भाषण वेळ संपल्यामुळे थांबवलं, तर बसता बसता ते कानडीत माझ्या अकलेबद्दल एक शब्द बोलले. मंगलोरी कौलांच्या दलालांबरोबर पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला तो शब्द नवीन नव्हता. मी शांतपणे म्हटलं, "माननीय सभासदांचा शेवटचा शब्द कामकाजातून काढून टाकावा." लघुलेखक गोंधळला. त्याला तो लिहिताच आला नव्हता. त्यानं खालून विचारलं, "साहेब, कोणता शब्द?" मी म्हटलं, "तो तुम्हाला ठाऊक नाही हे उत्तम आहे." सगळं सभागृह हसलं, धारवाडकरही हसले. नंतर दरवर्षी ते मला आंबेमोहोर पाठवायला बघायचे आणि मी परत पाठवायचो.

दुसरे एक होते वकील सबनीस. विरोधी बाकांवरचे, सडपातळ, चष्म्याच्या काड्या दोऱ्यानं बांधलेले. मुद्दा सोडायचे नाहीत. एकदा त्यांनी कांजूरच्या बाजूच्या एका विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं. शेजारच्या कारखान्यामुळे ते चहासारखं लाल झालं होतं. बाटली त्यांनी सरळ मंत्र्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "प्या." मोठा गदारोळ झाला. सभागृहात वस्तू आणून दाखवायला बंदी आहे. मी बाटली जप्त करून माझ्या दालनात पाठवली आणि सबनीसांना समज दिली. संध्याकाळी ते मंत्री माझ्याकडे चहाला आले, तेव्हा बाटली टेबलावरच होती. मी काही बोललो नाही. ते चहा पिईपर्यंत तिच्याकडे बघत राहिले. पंधरा दिवसांत कारखान्याला नोटीस गेली. त्या दिवशी मला वाटलं, न बोलतासुद्धा माणूस काही करू शकतो. तेव्हा माझा असा समज व्हायला नको होता.

घरी मात्र या सवयीनं नुकसानच केलं. एकदा मुलगा आणि मुलगी कशावरून तरी भांडत होती. मी पेपर बाजूला ठेवून म्हटलं, "आधी हिला बोलू दे, मग तू." बायको, सुमती, स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अहो, मुलगी खरं बोलतेय आणि तो खोटं बोलतोय. तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतंय."

"मग तसं म्हणा ना. इथे कोण तुम्हाला तहकूब करणार आहे?"

मी पेपर पुन्हा उघडला. सुमतीनं पुढे असं बोलणं सोडून दिलं. तिनं ते सोडलं हे माझ्या लक्षात यायला काही वर्षं गेली.

आता दामू म्हात्रे. दामू आणि मी अंधेरीच्या शाळेत चौथीपर्यंत एका बाकावर होतो. अंधेरीहून साकीनाक्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांची वाडी होती. पंचवीस-तीस घरं, पुढे भातखाचरं, मागे भाजीचे मळे. मळ्यांच्या मधोमध दगडी बांधणीची मोठी विहीर. मी वखारीत बसलो, दामू शेतीत राहिला. त्याच्या घराचे वासे आमच्या वखारीतले. मला निवडून आणायला तो बैलगाडीतून गावोगाव फिरला होता. मी अध्यक्ष झाल्यावर त्यानं हार आणला आणि म्हणाला, "केशव, आता आमच्या वाडीचा आवाज वर पोचला." ते बरोबर नाही हे मी त्याला तेव्हाच समजावून सांगायला हवं होतं. हार घातल्यावर कोणाला समजावणं कठीण जातं.

पन्नास सालच्या सुमारास सरकारनं उपनगरांच्या विकासाचं एक विधेयक आणलं. शहरात कारखान्यांना जागा उरली नव्हती, तेव्हा अंधेरीपासून पलीकडे घाटकोपर-मुलुंडपर्यंत ठिकठिकाणच्या जमिनी त्यासाठी घ्यायच्या होत्या. विधेयकाच्या शेवटी जमिनींची यादी जोडलेली होती. मी ती यादी माझ्या दालनात वाचली. दामूच्या वाडीची खाचरं, मळे आणि विहीर, सगळं त्यात होतं. घरं तेवढी वगळली होती. शेत काढून घेतल्यावर शेतकऱ्यानं त्या घरात बसून काय करायचं, ते यादीत लिहिलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी दामू आला. बरोबर वाडीतले चौघे. सुमतीनं चहा आणला. दामूनं कपाला हात लावला नाही.

"तू वाचलंस ना?" त्यानं विचारलं.

"वाचलं."

"मग बोल ना तिकडे. तू आमचा आमदार हायस."

"दामू, मला बोलता येत नाही. अध्यक्षानं बोलायचं नसतं."

"एक दिवस बोल. मग गप बस."

"तसं चालत नाही रे."

बरोबरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मग आम्ही मत दिलं ते कुनाला? खुर्चीला?"

या प्रश्नाला मी अकरा वर्षांत निरनिराळ्या सभांमधून बरीच उत्तरं दिली. अध्यक्ष सगळ्यांचा असतो, लोकशाहीचा रखवालदार असतो, वगैरे. त्या दिवशी त्यातलं एकही तोंडून बाहेर आलं नाही. मी म्हटलं, "मंत्र्यांना भेटून सांगतो." आणि सांगितलंही. ते "बघतो, बघतो" म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही. एकदा विचारणं आमदाराचं काम, दोनदा विचारलं तर अध्यक्षानं दडपण आणलं असं होईल, असा हिशेब मी मनाशी केला.

आणखी एक गोष्ट मी त्या रविवारी केली. ती आजवर कोणाला सांगितलेली नाही. दामूला फाटकापर्यंत सोडायला गेलो तेव्हा हळूच म्हटलं, "सबनीस वकिलांना भेट. ते उपसूचना आणू शकतात. यादीतून तुमच्या जमिनींचे नंबर वगळा, एवढंच मागायला सांग." निःपक्षपाती अध्यक्षानं हे करायला नको होतं. त्या वेळी केल्याचं समाधान वाटलं. नंतर तेच मानेवर बसलं.

सबनीसांनी उपसूचना आणली. दामू आणि त्याचे लोक प्रेक्षकांच्या सज्जात पहिल्या रांगेत येऊन बसले, धुतलेले सदरे, पांढऱ्या टोप्या. दुपारची वेळ होती. शहरात क्रिकेटचा सामना चालू होता, त्यामुळे सत्ताधारी बाकं निम्मी रिकामी. विरोधक मात्र झाडून हजर. सबनीस वीस मिनिटं बोलले. ना टेबल आपटलं ना शेर म्हटला. त्या विहिरीला उन्हाळ्यात किती पाणी असतं, वाडीतली भाजी अंधेरीच्या बाजारात किती वाजता पोचते, मळे वगळले तर कारखान्यांच्या रस्त्याला किती वळसा पडतो, एवढंच सांगितलं. सत्ताधारी पक्षातल्या कोकणातल्या दोघा-तिघांनी माना खाली घातल्या. मत द्यायची वेळ जवळ आली तसे त्यातले दोघे चहाचं निमित्त करून बाहेर गेले. एक जण तर सबनीसांच्या बाजूनं राहिला.

मी प्रस्ताव मतास टाकला. 'होय' आणि 'नाही' दोन्ही आवाज सारखे वाटले. सबनीसांनी मोजणी मागितली. घंटा वाजली, दारं बंद झाली, सभासद दोन्ही बाजूंच्या दालनांत जाऊन परत आले. माझ्या खुर्चीच्या खाली आमचे सचिव कारखानीस बसायचे. नियमांची पुस्तकं त्यांना तोंडपाठ होती, आणि चेहऱ्यावरची रेघ कधी हलायची नाही. त्यांनी आकडे बघितले, पुन्हा बघितले आणि चिठ्ठी माझ्या हातात देताना पहिल्यांदाच माझ्याकडे वर पाहिलं.

एकेचाळीस विरुद्ध एकेचाळीस.

आता या जागी परंपरा काय सांगते ते वाचकांना सांगितलं पाहिजे. निर्णायक मत हे अध्यक्षाचं स्वतःचं मत नसतं. सभागृहाला बहुमतानं बदल करता आला नाही, तर अध्यक्षानं आपल्या एकट्याच्या मतानं तो करू नये. विधेयक जसं आहे तसं राहू द्यावं. म्हणजे उपसूचनेवर बरोबरी झाली की अध्यक्षाचं मत उपसूचनेच्या विरुद्ध. जगभरची अध्यक्ष मंडळी असंच वागत आली आहेत. कायद्यानं मला तसं बांधलेलं नव्हतं. मी 'होय' म्हटलं असतं तर कोणी मला तुरुंगात टाकणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी लिहिलं असतं की अध्यक्षांनी आपल्या मतदारसंघासाठी खुर्ची वापरली. आणि ते खरं असतं. फाटकापाशी मी दामूला काय सांगितलं होतं ते मला माहीत होतं. ती उपसूचना एका अर्थी माझीच होती. माझ्याच उपसूचनेला मीच मत द्यायचं, हे मला जमेना. तसं नसतं तर जमलं असतं का? मी हा प्रश्न स्वतःला फार वेळा विचारला आहे. नक्की उत्तर नाही.

मी सज्जाकडे पाहिलं नाही. समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. अर्धं मिनिट गेलं असेल.

"दोन्ही बाजूंना समान मतं पडली आहेत," मी म्हटलं. "परंपरेला अनुसरून अध्यक्ष आपलं निर्णायक मत 'नाही'च्या बाजूनं देत आहे. उपसूचना नामंजूर झाली आहे."

सत्ताधारी बाकांवरून कोणी टाळी वाजवली नाही. सबनीस उठले. मला वाटलं, आता हे काहीतरी जोरात बोलणार, आणि बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "अध्यक्ष महाराज, आपण दिला तोच निर्णय योग्य आहे. मीही तिथे असतो तर हेच केलं असतं." आणि मान लववून बसले.

मी वर पाहिलं तेव्हा सज्जाची पहिली रांग रिकामी होती.

दालनात कारखानीस मागोमाग आले. "साहेब, निर्णय अगदी बिनचूक होता. उद्या पुस्तकात नोंद होईल."

"मला माहीत आहे."

"चहा सांगू?"

"नको."

ते दारापर्यंत गेले. मग म्हणाले, "माझी सासुरवाडी मरोळची. ती विहीर मी पाहिलेली आहे." आणि दार ओढून घेऊन गेले. अकरा वर्षांत त्यांनी माझ्याशी बोललेलं ते एकच खासगी वाक्य.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी माझी स्तुती केली. दिल्लीहून एका वडीलधाऱ्या अध्यक्षांचं अभिनंदनाचं पत्र आलं. पुढे कुठेकुठे व्याख्यानाला बोलवायचे तेव्हा लोक हाच प्रसंग सांगायला लावायचे आणि शेवटी टाळ्या वाजवायचे. मी सांगायचो. त्यातून विहीर आणि वाडी हळूहळू गळून गेली. 'एका उपनगरातल्या काही जमिनींचा प्रश्न' एवढंच उरलं.

वर्षभरात खाचरांवर मुरूम पडला. विहीर बुजवली. पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, रस्त्यानं जाताना मशीनची घरघर ऐकू यायला लागली. वाडीतली माणसं एकेक करून पांगली. दामूनं घर उतरवलं आणि कांजूरला मेव्हण्याच्या शेजारी दोन खोल्या घेतल्या, असं धाकट्या भावाकडून कळलं. उतरवलेली कौलं विकायला दामू वखारीत आला होता. मी कुठे आहे असं त्यानं विचारलं नाही. भावानंही सांगितलं नाही.

मी दामूकडे गेलो नाही. आधी अधिवेशन होतं. मग पुण्याचं अधिवेशन. मग मला वाटलं, मी गेलो तर अध्यक्षाला आपल्या निर्णयाचा पश्चात्ताप झाला असं लोक म्हणतील. मग निवडणूक जवळ आली, आणि आता गेलो तर मतासाठी आला म्हणतील. प्रत्येक वेळी मी स्वतःलाच एक निर्णय देत होतो आणि तो स्वीकारून गप्प बसत होतो. अशी सहा-सात वर्षं गेली. निवडणुकीत मी पुन्हा निवडून आलो. वाडीची मतं कुठे गेली ते मी बघितलं नाही. तोपर्यंत वाडीत मतं फारशी उरलीही नव्हती.

निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने मला दुपारी झोपच येईना, म्हणून फिरायला लागलो. एकदा सुमती म्हणाली, "रोज त्याच रस्त्यानं काय फिरता? दामूभावजींकडे जाऊन या."

"आता काय जाऊ?"

"आता तुमच्यावर कोण बसलंय?"

दुसऱ्या दिवशी गेलो. कांजूरला, स्टेशनापासून बराच आत, खाडीकडच्या बाजूला, बैठ्या चाळीतल्या शेवटच्या दोन खोल्या. दामू ओसरीवर कुडाला काथ्या बांधत बसला होता. केस सगळे पांढरे झाले होते. त्यानं मान वर करून बघितलं आणि पुन्हा गाठ मारली.

"ये," तो म्हणाला. "बस."

त्याची बायको पार्वती बाहेर आली, मला बघून पदर सावरला आणि काही न बोलता चहा टाकायला आत गेली. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. त्याचा मुलगा मुलुंडच्या एका कारखान्यात फिटर होता. नातू शाळेत जात होता. घरामागे दामूनं अळू आणि दोन भोपळ्याचे वेल लावले होते. जमीन खारट, फार काही येत नाही, म्हणाला.

चहा आला. दामूनं बशीत ओतला, फुंकर घातली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "केशव, एक विचारू? त्या दिवशी तुझं मत काय होतं?"

"मी दिलं ते सगळ्यांनी ऐकलं, दामू."

"ते खुर्चीचं. ते मला वकिलानं समजावलं. चार वेळा समजावलं, चांगला मानूस. मी तुझं विचारतो. तुझं."

सहा-सात वर्षं मी जे तोंडातून काढलं नव्हतं ते काढायला मला वेळ लागला. त्याच्या ओसरीवर मला कोणाचीही परवानगी लागत नव्हती, तरी.

"तुमची जमीन घ्यायला नको होती," मी म्हटलं. "घेणं चूक होतं. मला तेव्हाही तसंच वाटत होतं. यादी वाचली त्या दिवसापासून."

दामूनं बशी खाली ठेवली. तो रागावला नाही. मला वाटतं, तो रागावण्याच्या पलीकडे गेला होता. कुडाची अर्धवट राहिलेली गाठ त्यानं ओढून घट्ट केली.

"मग हे तेव्हा घरी येऊन का नाय सांगितलंस?" तो म्हणाला. "जमीन गेली ती गेलीच असती. ती तुझ्या एकट्यानं नाय थांबली असती, हे कळतं मला. पन माझा बाप त्यानंतर दोन वर्षं जगला. तो रोज विचारायचा, केशवला तरी काय वाटलं असेल? मी सांगायचो, म्हाईत नाय. येऊन एवढंच सांगितलं असतंस. त्याला कुठला कायदा आडवा येत होता?"

अकरा वर्षं हरकतीच्या मुद्द्यांवर जागच्या जागी निर्णय देणारा माणूस मी. त्याच्या त्या प्रश्नावर मला कुठल्याच पुस्तकातलं पान आठवेना.

"कुठलाच नाही," मी शेवटी म्हटलं.

"हां," दामू म्हणाला.

पार्वती दारात उभी होती. ती म्हणाली, "मामंजी शेवटपर्यंत तुमचं नाव घेऊन वाईट नाय बोलले हो." तिला माझं सांत्वन करायचं होतं.

निघताना दामू चपला घालून माझ्याबरोबर स्टेशनापर्यंत आला. वाटेत चिखल होता, त्यानं दोन ठिकाणी माझा हात धरला. "गुडघे दुखतात काय रं?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. निरगुडीचा पाला गरम करून बांध, तो म्हणाला. मग पुलाच्या पायरीपाशी थांबला आणि म्हणाला, "पुढच्या वेळी वहिनीला पन आन." आणि मागे वळून चालायला लागला.

मी त्यानंतर पाच-सहा वेळा त्याच्याकडे गेलो. सुमतीही आली. त्याच्या वडिलांचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही.